पाऊणकीच्या पाढ्यावरून ओहोटी कशी काढावी

समुद्रकिनारी महिनाभर राहून किनारा न बघताच परत येणारे सातारकर मला फार भेटतात. निवृत्तीनंतर हौसेनं गुहागरला नाहीतर वेळणेश्वरला खोली घेतात, सकाळी सहाला चालून येतात, संध्याकाळी सूर्यास्त बघतात आणि घरी आल्यावर सांगतात, "छान आहे, पण रोज तेच ते." रोज तेच ते नसतं. किनाऱ्यावरचं बरंचसं जिवंत जग भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात राहतं, आणि तो पट्टा दिवसातून दोनदा थोडा वेळ उघडा पडतो. घड्याळ बघून रोज एकाच वेळी जाणारा माणूस पंधरवड्यातले कितीतरी दिवस भरल्या पाण्याच्या कडेनंच फिरून येतो. जायची वेळ पाण्याला विचारून ठरवायची असते, आणि ते पंचांगावरून घरबसल्या जमतं.

तयारीचं फार सांगत नाही. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता आपल्याकडे सगळ्यांच्या पायाखालचा आहे. बरोबर जुने कॅनव्हासचे बूट, टोपी, पाण्याची बाटली, असली तर दुर्बीण. चपला घालून खडकावर जायचं नाही. ऑक्टोबर ते मार्च हे दिवस उत्तम, आणि पावसाळ्यात खडकाच्या वाटेलाच जाऊ नका. जाता जाता पोफळीला एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या कोयनेचं पाणी वीज करून इथं पश्चिमेला उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. उरलेली कोयना कराडला कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराकडे. एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांना मिळताना बघायला सातारकराला लांब जावं लागत नाही.

पाढा

ज्यांनी जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, घोकले आहेत त्यांचं काम अर्धं झालेलं आहे. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तीन पाऊण सव्वादोन, म्हणून तृतीयेला सव्वादोनला भरती. चार पाऊण तीन. पाच पाऊण पावणेचार. आठ पाऊण सहा. तीच भरती दुपारी आणि तीच, थोड्या फरकानं, रात्री. भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे तृतीयेला सकाळी आठच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली, पुन्हा रात्री साडेआठच्या सुमाराला.

इथं दोन चुका सर्रास होतात. एक, पाढ्याचं उत्तर ओहोटीची वेळ आहे असं समजून लोक नेमके भरल्या पाण्यात पोचतात. उत्तर भरतीचं असतं. दुसरी, वद्य पक्षात लोक तिथी सोळापासून मोजतात. तसं करायचं नाही. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून सुरू. वद्य चतुर्थी म्हणजे चारच.

पाढ्याची दुरुस्ती

आता खरी अडचण. हा पाढा शिकवणारे बहुतेक जण इथंच थांबतात आणि ऐकणारा तो सूत्र म्हणून वापरतो. मला ही पायरी उमगायला बराच काळ लागला, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

पाढा स्वतःच आपली उणीव दाखवतो. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता भरती. एका दिवसात दीड तास. पाणी अशी उडी मारत नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज सरासरी तेवढीच पुढे सरकते. त्यातही सरासरी हा शब्द महत्त्वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ती ५० मिनिटांपेक्षा कमी सरकते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, जास्त सरकते. पाढा मात्र सगळ्या दिवसांना एकच ४५ मिनिटं देतो. परिणाम असा की प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत, म्हणजे नेमकं ज्या दिवसांत आपल्याला जायचं असतं, पाणी पाढ्याच्या आधी वळतं, म्हणजे उतरायचं थांबून चढायला लागतं. कधी अर्धा तास, कधी जवळजवळ तासभर. पाढ्यावर विसंबून आठला पोचलात तर समोर चढतं पाणी.

त्यात तिथीची गुंतागुंत. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती सकाळी साडेनऊला संपत असेल तर संध्याकाळच्या ओहोटीला पुढची तिथी धरायची. क्षयतिथी आली की कॅलेंडर तृतीयेवरून पंचमीवर जातं; वृद्धी असेल तर एकच तिथी दोन दिवस दिसते. समुद्राला या कशाशीच देणंघेणं नाही.

तेव्हा माझं ठाम मत असं: पाढा फक्त पहिल्या दिवसापुरता वापरायचा. पहिल्या दिवशी पाढ्यानं आलेल्या ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाणी प्रत्यक्ष कधी वळतं ते घड्याळावर टिपा. वाळूत काठी रोवून बघायला सांगणारे पुष्कळ आहेत. उघड्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग नाही, लाट येते-जाते आणि काहीच कळत नाही. लाट नसलेली जागा शोधा. खाडीच्या तोंडाजवळचा धक्का सर्वांत चांगला. धक्क्याच्या भिंतीवर कालवं चिकटलेली असतात. त्यातलं एक ठळक कालव निवडा आणि पाणी त्याच्यापासून किती खाली आहे ते दर दहा मिनिटांनी बघा. उतरणं मंदावतं, मग पाणी थबकल्यासारखं होतं, मग भिंतीवरची ओली रेघ हळूच पुन्हा पाण्याखाली जायला लागते. थबकलेल्या काळाचा मध्य ही त्या दिवशीची ओहोटी. पाढ्याच्या वेळेशी तिचा फरक वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पाढा नको. कालच्या खऱ्या वेळेत उधाणाचे दिवस असतील तर ४० मिनिटं मिळवा, भांगाकडे झुकलेले असतील तर तासभर. पुढच्या पंधरवड्यात त्याच जागी त्याच तिथीला साधारण तोच फरक मिळतो, आणि मग वही पाढ्यापेक्षा भरवशाची होते.

धक्का मात्र खाडीच्या तोंडाजवळचाच हवा. खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं-उतरतं. चिपळूणजवळ गोवळकोटला दिसलेली वेळ दाभोळच्या किनाऱ्याला लावायची नाही.

"मोबाईलवर दिसतं की सगळं!" दिसतं, आणि जरूर बघा. पण कोणत्या बंदराची वेळ दिसते आहे ते आधी वाचा. बातम्यांत येते ती बहुतेक वेळा मुंबईची, आणि मुंबईच्या दक्षिणेला रत्नागिरीकडे पाणी थोडं आधी भरतं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, ती उत्तम आहेत. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देतं, ते तर रोज बघावेत. तरी धक्क्यावर एक ओहोटी घालवाच. त्याशिवाय आकड्यांवर विश्वास बसत नाही आणि चूक झाली तर ओळखूही येत नाही.

आणि "पौर्णिमेला समुद्र खवळलेला असतो, जाऊ नका" हा सल्ला ऐकू नका. लाटा वाऱ्यानं उठतात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं तसंच जास्त उतरतंही, आणि सर्वांत मोठा पट्टा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उघडा पडतो. तुम्हाला हवे असलेले दिवस हेच.

खडकावर

ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाण्यामागून खाली जा, पाणी थबकलं की परत फिरा. पाणी वळल्यावर पहिल्या तासात फारसं चढत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सर्वांत वेगानं येतं. पुढचा खडक अजून कोरडा आहे म्हणून थांबू नका, मागची वाट बघा. किनारा आणि तुमचा खडक यांच्यामध्ये सखल घळ असेल तर ती आधी भरते. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, समुद्राकडे पाठ करू नका, एकटे जाऊ नका. शिंपल्या काढायला आलेल्या बायका दिसल्या तर, "मावशी, पाणी कधी वळंल?" एवढं विचारून घ्या. त्या पाटी उचलून निघाल्या की तुम्हीही निघा.

काय बघायचं

खडकातली डबकी. वाकायचं आणि पाच मिनिटं हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही, मग एक रिकामा वाटलेला शंख चालू लागतो. आत खेकडा असतो. समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, उघडतात. बोट लावू नका, ती मिटून घेतात. सुळक्याच्या आकाराचे, नक्षीदार जिवंत शंख तर मुळीच उचलायचे नाहीत. त्यांतल्या काही जातींचा दंश विषारी असतो. प्रवाळ कायद्यानं संरक्षित आहे, तुटलेला तुकडाही तिथंच राहू द्या.

ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, मिरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या दिसतील. नखाएवढा खेकडा वाळूचे कण तोंडात घेतो, त्यावरचं अन्न खरवडून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून रेषा धरून कामाला लागतो, तुमची चाहूल लागली की त्याच रेषेनं बिळात. हे काम तो पाणी ओसरल्यावरच करतो, म्हणून रांगोळी जितकी पसरलेली तितका जास्त वेळ तिथलं पाणी जाऊन झालेला. घड्याळ खोलीवर राहिलं तरी ओहोटीचा अंदाज यावरून येतो.

पाण्याच्या कडेला थंडीत चिखले आणि तुतवार हे पक्षी धावत असतात, वर कुरव. सुरूच्या बनावरून पांढऱ्या पोटाचा मोठा समुद्री गरुड गेला तर दुर्बीण त्याच्यावर ठेवा, बाकी सगळं नंतर. मार्चच्या सुमाराला गेलात तर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतील. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली हे काम सुरू केलं, आता गुहागरच्या किनाऱ्यावरही घरटी जपली जातात. पिल्लांवर उजेड टाकायचा नाही, हात लावायचा नाही.

भांगाचे दिवस

सप्तमी ते दशमी पाणी ना धड चढतं ना धड उतरतं. तेव्हा खाडीकाठी पक्षी बघा, मासळीबाजारात जा, विश्रांती घ्या.

खोली ठरवताना त्रयोदशीला पोचाल असं बघा. चतुर्दशीला धक्का, पौर्णिमेला संध्याकाळी आणि द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत सकाळी खडक. याच दिवसांत दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान मोठी भरती असते, तेव्हा गुहागर तालुक्यातल्या हेदवीला बामणघळ बघून घ्या. अरुंद घळीत शिरलेलं पाणी उंच उसळतं ते भरतीलाच. ओहोटीला जाऊन "तिथं काही नाही" म्हणणारे कमी नाहीत. कडेपासून लांब उभं राहायचं. पौर्णिमेला रविवार आला तर गर्दी होते. सोमवारी जा, पाणी तेवढंच असतं.