कुस्तीच्या फडापासून मॅरेथॉनपर्यंत : खेळाच्या कार्यक्रमात अवयवदानाची नोंदणी कशी करून घ्यावी

अवयवदानाची नोंदणी केलेला माणूस मेंदूमृत झाला, म्हणजे त्याचा मेंदू कायमचा बंद पडला आणि श्वास यंत्रावर उरला, तरी अवयव काढण्याआधी डॉक्टर त्याच्या घरच्यांना विचारतात. घरच्यांनी नाही म्हटलं की प्रत्यक्षात विषय तिथंच संपतो. म्हणून मैदानावर किती अर्ज भरले यापेक्षा, अर्ज भरताना किती जणांनी घरी फोन लावला हा आकडा जास्त कामाचा आहे. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करा.

सामना कोणता निवडायचा

जिथं गर्दी तिथं नोंदणी, हा पहिला गैरसमज. जत्रेतला कुस्तीचा फड घ्या. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत किंवा गावोगावच्या उरुसात माणूस मावत नाही. पण त्यात बाया-पोरी कमी, लक्ष सगळं मातीवर, आणि आधारला जोडलेला मोबाईल बऱ्याचदा घरी लेकाकडं. फड ही विषय सांगायची जागा आहे, नोंदवायची नाही. तिथं माईक आणि पत्रकं वापरा, नोंदणीचा हट्ट धरू नका.

नोंदणीसाठी सगळ्यांत सोपा दिवस म्हणजे मॅरेथॉनचे बिब नंबर (धावणाऱ्याच्या छातीवर लावायचे) वाटतात तो, शर्यतीच्या आदला. धावणाऱ्याकडं ओळखपत्र असतं, मोबाईल असतो, थोडी उसंत असते. शर्यतीच्या पहाटे यातलं काहीच नसतं. त्याखालोखाल खो-खो आणि शालेय स्पर्धा. धाराशिवसारख्या खो-खोचं वेड असलेल्या जिल्ह्यात मुलींच्या सामन्यांना आई-वडील दोघंही येतात. नवरा-बायको शेजारी उभे असतील, तर घरी सांगायचं निम्मं काम तिथंच उरकतं. खेळाडू मात्र १८ वर्षांखालचे असतील तर त्यांची नोंदणी होत नाही. त्यांच्या हातात आई-वडिलांसाठी पत्रक द्या.

तारखेचं म्हणाल तर ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आणि १३ ऑगस्ट हा जागतिक. दोन्ही भर पावसाळ्यात येतात आणि काळ्या मातीचं मैदान तेव्हा चिखल असतं. त्या दिवशी मॅटवरची कबड्डी, बॅडमिंटन असं छताखालचं काही पाहा. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही सोयीचे. मुक्तिसंग्राम दिनाला एक योगही जुळतो : आधारवर चालणारी अवयवदानाची ऑनलाइन नोंदणी २०२३ साली १७ सप्टेंबरलाच सुरू झाली.

महिनाभर आधी

छत्रपती संभाजीनगरला विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती आहे. मराठवाड्यातलं अवयवांचं वाटप तिच्यामार्फत होतं. तिला लेखी कळवा, माहितीपत्रकं आणि समन्वयक मिळतात का ते विचारा. आयोजकांकडून तीन गोष्टी कागदावर घ्या : स्टॉलची जागा, माईकवरचा वेळ आणि विजेचं कनेक्शन. ‘बघू की त्या दिवशी’ म्हटलं की स्टॉल पार्किंगच्या मागं जातो. जागा प्रवेशद्वाराजवळ नको, तिथं लोक आत शिरायच्या घाईत असतात. चहा-नाश्त्याच्या बाजूला मागा.

दोन-तीन हजार प्रेक्षकांसाठी १० बाय १० फुटांचा मांडव, तीन टेबलं आणि आठ स्वयंसेवक पुरतात : प्रत्येक टेबलावर दोघं, एक जण रांगेशी, एक मंचाजवळ माईकसाठी. ओटीपी वेळेवर आला तर एका नोंदणीला सहा-सात मिनिटं लागतात. म्हणजे एका टेबलावर तासाला आठ-नऊ आणि तीन टेबलांवर चार तासांत शंभरच्या आसपास. याहून मोठं उद्दिष्ट फ्लेक्सवर छापलं की स्वयंसेवक अर्ज भरायच्या मागं लागतात आणि समजावून सांगणं राहून जातं.

क्यूआर कोडच्या बाबतीत हमखास चूक होते. ढोबळ हिशेब असा : जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा, त्याच्या दहाव्या भागाएवढी कोडची रुंदी हवी. दहा फुटांवरून करायचा तर एक फूट. मंत्र्यांच्या फोटोखाली कोपऱ्यात तीन इंचांचा कोड छापला तर कुणाच्याच फोनला तो दिसत नाही. चकचकीत फ्लेक्सवर ऊन पडलं की तिरीप येते, म्हणून मॅट छपाई घ्या आणि पांढऱ्यावर काळा कोड ठेवा.

गर्दीत नेटवर्क बसतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट, एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणि छापील ‘नमुना ७’चे शंभर अर्ज जवळ ठेवा. नमुना ७ हा २०१४च्या नियमांतला संकल्पाचा अर्ज आहे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली किमान एक जवळच्या नातेवाइकाची असावी लागते, म्हणून नातेवाईक सोबत नसेल तर अर्ज घरी नेऊनच भरावा लागतो.

माईकवर काय बोलायचं

पुरुषांच्या कबड्डीत वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते. त्यातली तीस सेकंदं मागा, जास्त नको. कुस्तीत जोड ठरत असते आणि हलगी थांबलेली असते तेव्हा बोला. मानाची कुस्ती लागल्यावर बोललात तर लोक ऐकणार नाहीत, वर चिडतीलही.

‘महादान’, ‘अमरत्व’ असले शब्द टाळा. निवेदकाला एवढं लिहून द्या :

“मंडळी, मेंदूमृत झालेल्या एका माणसाच्या अवयवांनी आठ जणांचा जीव वाचू शकतो. नोंदणीला पैसे लागत नाहीत. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल घेऊन चहाच्या बाजूच्या हिरव्या मांडवाकडं या. येता येता घरी एक फोन लावा.”

खेळाडूंनी हिरवी पट्टी बांधली तर लोक विचारतात ‘हे काय?’ आणि बोलायला जागा मिळते. १२ फेब्रुवारी २०२५ला अहमदाबादच्या भारत-इंग्लंड एकदिवसीय सामन्यात दोन्ही संघांनी अशा पट्ट्या बांधल्या होत्या. कबड्डी-कुस्तीत झटापटीत पट्टी अडकते, पंच ती काढायला लावतील. म्हणून ती सामन्याआधी खेळाडूंची ओळख करून देतात तेवढ्यापुरतीच ठेवा.

खेळाडूपेक्षाही जास्त ऐकलं जातं ते प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं. १९७८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला सुरू झालेल्या जागतिक ट्रान्सप्लांट गेम्समध्ये असेच लोक धावतात, पोहतात. मूत्रपिंड मिळालेला एखादा माणूस सलामीचा चेंडू टाकायला आला तरी पुरे. मात्र कुणाचा अवयव कुणाला मिळाला, याची मंचावर वाच्यता करू नका. मृत दात्याची ओळख गुप्त ठेवली जाते.

टेबलावर

क्रम असा ठेवा.

१. आधी विचारा, ‘घरी बोललात का?’ नसेल तर तिथूनच फोन लावायला सांगा. नवरा, बायको, आई, कुणीही. फोनवर नकार आला तर नोंदणी लांबवा, पत्रक देऊन पाठवा. असा माणूस परत येतो, दामटून भरून घेतलेला येत नाही.

२. अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था ‘नोट्टो’, तिच्या संकेतस्थळावर आधार किंवा आभा (सरकारी आरोग्य खात्याचा) क्रमांक टाकून ओटीपीने ओळख पटवा. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर इथंच गाडी अडते. त्याला कागदी अर्ज द्या.

३. रक्तगट आणि आणीबाणीतला संपर्क भरा. घरच्या ज्या माणसाशी आत्ता बोलणं झालं, त्याचाच नंबर इथं द्या.

४. कोणते अवयव आणि ऊती (डोळ्यांचा पडदा, त्वचा असे भाग) द्यायच्या ते त्यानेच निवडावं. सगळ्यांवर टिक लावायची घाई स्वयंसेवकाने करू नये.

५. प्रमाणपत्र डाउनलोड झालं की ते लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायला सांगा.

आधारची झेरॉक्स घेऊ नका, नंबर वहीत लिहून ठेवू नका. ‘नोंदणी करा आणि लकी ड्रॉमध्ये बाइक जिंका’ हेही नको. अवयवांसाठी पैशाची देवघेव १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. बक्षिसाचं आमिष थेट त्यात बसो न बसो, लोकांच्या मनात शंका मात्र पेरतं.

लोक काय विचारतात

‘अवयवदानाचं कार्ड असलं तर डॉक्टर वाचवायचा प्रयत्न सोडतील.’ हा सगळ्यांत खोल प्रश्न आहे, त्याला वेळ द्या. मेंदूमृत ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात आणि प्रत्यारोपण करणारी टीम त्यात नसते. कोमा आणि मेंदूमृत्यू वेगळे, हेही इथंच सांगा : कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत येत नाही.

‘मी देहदानाचा फॉर्म भरलाय.’ मराठवाड्यात हा गोंधळ फार. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडं होतं, त्याचा अर्ज वेगळा. अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत; नेत्रदान मात्र चालतं.

‘घरीच मेलो तर?’ तर मोठे अवयव देता येत नाहीत, त्याला आयसीयूतला मेंदूमृत्यूच लागतो. डोळे देता येतात, पण सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस आणि डोक्याखाली उशी. हे चार शब्द पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापा. बहुतेकांच्या बाबतीत प्रत्यक्षात उपयोगी पडतील ते हेच.

‘पुढच्या जन्मी आंधळा जन्मेन.’ यावर वाद घालू नका, हसू तर मुळीच नका. गावातल्या महाराजांना किंवा मौलवींना आधी भेटून त्यांच्या तोंडून दोन वाक्यं मिळाली तर ती ऐकवा, नाही तर पुढच्या माणसाकडं वळा.

अजून एक : हेल्मेट. मेंदूमृत्यूमागं डोक्याला मार लागलेले अपघात बरेच असतात, आणि सामना संपल्यावर बाइकवर तिघं-तिघं बसून निघणारी पोरं तुमच्याच स्टॉलसमोरून जातात. हेल्मेटबद्दल चकार शब्द न काढता अवयवदान सांगितलं की ‘हे आमच्या मरणाची वाट बघतायत’ असं वाटतं. फ्लेक्सवर हेल्मेटची ओळ वर, अवयवदानाची खाली ठेवा.

दुसऱ्या दिवशी

तीन आकडे काढा : स्टॉलवर किती आले, किती जणांनी घरी फोन लावला, किती नोंदण्या पूर्ण झाल्या. पहिल्या आणि तिसऱ्यात मोठी तफावत असेल तर कारण बहुधा ओटीपी असतो. पुढच्या वेळी शेजारी आधार केंद्राची सोय बघा. ओटीपीअभावी राहिलेल्यांनी आपण होऊन मोबाईल नंबर दिला असेल तर आठवड्याच्या आत एकदाच फोन करा, दुसऱ्यांदा नको. कागदी अर्ज साक्षीदारांच्या सह्या तपासून समन्वय समितीकडं पोचवा. नाही तर ते कार्यकर्त्याच्या गाडीच्या डिकीत पडून राहतात. पत्रकाच्या मागं ‘नोट्टो’चा मोफत क्रमांक १८००११४७७० आणि एक ओळ छापलेली असू द्या : विचार बदलला तर नोंदणी कधीही मागे घेता येते. ही ओळ वाचून घाबरलेला माणूसही अर्ज हातात घेतो.