आधी स्वतःसाठी, मग आत्यासाठी

कथेच्या पहिल्या खर्ड्यात वाचक डोक्यात आणूच नका. दुसऱ्या खर्ड्याला मात्र एका ओळखीच्या माणसाला समोर बसवा. मी इंदूरच्या राजवाड्यामागच्या आत्याला बसवते. 'अस्तित्वभान'सारखा जड शब्द आला की ती पोहे भिजवायला उठते. कथा मोठ्यानं वाचा आणि ऐकणारा चुळबुळला की तिथे पेन्सिलीनं खूण करा. आता खरी मेख: ते वाक्य कथेचा जीव असेल तर ठेवा, नुसती ऐट असेल तर छाटा. संवादातलं इंदुरी 'भिया' (म्हणजे भाऊ) मी पुण्याच्या अंकासाठीही बदलत नाही, संपादक कुरकुरले तरी. लोकप्रियतेला नाकं मुरडू नका. १९०९ चा पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन' नावाच्या मासिकाचाच होता. दिवाळी अंकाला कथा द्यायची तर पावसाळ्यातच धाडा. लाइक मोजायचेत? छापून आल्यावर.