तार आवळून दात लवकर सरकत नाही: या चुका टाळा

“मॅडम, तार जरा जास्तच आवळा, मे महिन्यात लग्न आहे.” दादरच्या माझ्या दवाखान्यात लग्नसराई जवळ आली की हे ऐकायला मिळतंच. घाई कळते, पण नेमकी इथेच पहिली चूक होते.

दात काही भिंतीत ठोकलेला खिळा नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं जिवंत अस्तर असतं, जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचं. या अस्तरात स्टेम सेल असल्याचं २००४ मध्ये दाखवलं गेलं. नवे तंतू आणि हाड घडवणाऱ्या पेशी त्यांच्यापासून तयार होतात, आणि ताण-दाब त्यांना थेट जाणवतो. पेशीच्या पडद्यात पिएझो-१ नावाचं दार असतं. दाब आला की ते उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी कामाला लागते. हे दार शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

तारेचा जोर हलका असेल तर ओढ बसते त्या बाजूला हाड भरतं, दाब येतो त्या बाजूचं झिजतं आणि दात सरकतो. जोर फार झाला की अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, पेशी मरतात आणि तो मेलेला भाग साफ होईपर्यंत दात आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. मुळाचं टोक झिजण्याचा धोका असतो तो वेगळाच.

तार आवळल्यावर दोन-तीन दिवस ठणकतंच. तेव्हा मनाने रोज आयब्युप्रोफेन घेऊ नका. दात सरकायला लागणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं त्याने दबतात. पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

आता मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती चूक. शिवाजी पार्कात सीझनचा चेंडू तोंडावर बसून एका मुलाचा पुढचा दात मुळासकट निघाला. वडिलांनी तो नळाखाली धुतला आणि रुमालाने घासून लख्ख पुसला. केलं ते मायेपोटीच, पण मुळावरची जी ओलसर साय त्यांनी ‘घाण’ म्हणून काढली, त्याच त्या पेशी होत्या. दात बसवला, पण पुढे तो हाडाला चिकटला. टिचकी मारली की शेजारच्या दातांपेक्षा टणक आवाज यायचा.

असा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर दुधात नुसता बुडवून काढा आणि जागच्या जागी खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. धीर होत नसेल तर जवळच्या चहावाल्याकडून थंड दूध घ्या, दात त्यात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठा. पाण्यात ठेवू नका, पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

परत बसवलेला दात “घट्ट बांधा, महिनाभर ठेवा,” असा आग्रहही नको. त्याला आधार म्हणून आम्ही मुद्दाम बारीक, लवचिक तार लावतो, बहुधा दोनच आठवडे. चावताना दाताला किंचित हालचाल मिळाली तरच अस्तर पुन्हा धरतं. करकचून जखडलेला दात हाडाला चिकटण्याची भीती जास्त. तार काढल्यावर दात थोडा हलला तर घाबरून पुन्हा बांधायला सांगू नका. मऊ पोळी-भाजी खाऊ द्या, ठरलेल्या तारखेला दाखवायला आणा.