लहान मुलांचा हट्ट आणि आदळआपट घरी कशी हाताळावी

दीड ते सहा वर्षांचे मूल वारंवार जमिनीवर लोळण घेत असेल, चावत असेल किंवा वस्तू फेकत असेल, तर सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. आठ-दहा दिवस प्रत्येक प्रसंग तिच्यात लिहावा: वेळ कोणती होती, घरात कोण होते, अगदी आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले. ‘आज खूप त्रास दिला’ या नोंदीतून काही हाती लागत नाही. ‘मोबाइल काढून घेतल्यावर आजीच्या हाताला चावला, मग मोबाइल परत मिळाला’ या एका ओळीतून मात्र दुखणे कुठे आहे ते कळते.

नाशिकच्या सिडको वसाहतीत बालवाडी चालवत असताना मी पालकांकडून अशी वही आवर्जून लिहून घेत असे. एका चार वर्षांच्या मुलाच्या वहीत जवळजवळ सगळे प्रसंग संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानचे निघाले. वडील अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जात, रात्री साडेअकराला घरी येत, आणि बाबांना भेटायचे म्हणून मूल तोवर जागे राही; सकाळी साडेसातला मात्र शाळेची व्हॅन दारात उभी असे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते, हे आईवडिलांना ठाऊक नव्हते. बाबांची भेट सकाळच्या आंघोळीच्या आणि दुधाच्या वेळेवर नेली, रात्री नऊला दिवे मालवले, आणि संध्याकाळची आदळआपट तीन आठवड्यांत पुष्कळ ओसरली. म्हणूनच शिस्तीचा विचार करण्याआधी झोप, भूक आणि पोट साफ होणे या तिन्ही गोष्टी तपासाव्यात.

त्यानंतर वहीतला शेवटचा रकाना पाहावा. अशा वागण्यातून मुलाला बहुधा काही तरी मिळत असते: कोणाचे तरी लक्ष, हवी ती वस्तू, नको असलेल्या कामातून सुटका, किंवा केवळ शरीराला बरे वाटणे. जेवताना ताट ढकलणाऱ्या मुलाला त्यामुळे ताटावरून उठायला मिळत असेल, तर त्याला रागावून उपयोग नाही. ‘झालं, आता नको’ हे शब्द त्याला शिकवावेत आणि त्याने ते वापरताच लगेच मान द्यावा. बोलता न येणाऱ्या मुलाला हाताची खूणही पुरते.

पुष्कळसे प्रसंग आधीच टाळता येतात. ‘पाच मिनिटांनी निघू’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘अजून तीनदा घसरगुंडी, मग घरी’ हे कळते. गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, बुधवारच्या बाजाराला जायचे असेल, तर निघण्यापूर्वीच सांगावे, ‘आज भाजी घ्यायची, खेळणं नाही, कोथिंबिरीची पिशवी तू धरायचीस.’ कपड्यांवरून रोज भांडण होत असेल, तर ‘निळा शर्ट की पिवळा?’ एवढीच निवड ठेवावी. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे फोन बाजूला ठेवून, मूल नेईल त्या खेळात त्याच्याबरोबर बसावे, आणि चांगल्या वागण्याचे कौतुक तिथल्या तिथे, नेमके नाव घेऊन करावे: ‘ताईला चेंडू दिलास, छान केलंस.’ मोघम ‘शहाणं बाळ’ म्हटल्याने आपण नेमके काय बरोबर केले हे मुलाला समजत नाही.

प्रत्यक्ष आकांताच्या वेळी शिकवण देऊ नये. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. तीन वर्षांच्या मुलाकडून त्या क्षणी विवेकाची अपेक्षा धरणे म्हणजे चालता न येणाऱ्याला धाव म्हणण्यासारखे आहे. आसपासच्या टोकदार आणि जड वस्तू हलवाव्यात, मुलाच्या उंचीला बसावे, आवाज खाली ठेवावा आणि एकच वाक्य बोलावे: ‘तुला राग आलाय, पण मारायचं नाही.’ हात उगारला तर तो हळुवार, पण पक्का धरावा. केवळ लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या रडण्याकडे दुर्लक्ष करता येते. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तर कधीही नाही.

सर्वांत कठीण भाग इथून पुढे आहे. ज्या हट्टाला आजवर यश मिळत आले, त्याला यश मिळणे थांबले की तो सुरुवातीला वाढतो. रडण्याचा आवाज चढतो, कालावधी लांबतो. उपाय फसला असे समजून नेमक्या याच वेळी घरचे हार मानतात. त्यातून मूल एवढेच शिकते की पाच मिनिटे रडून भागत नाही, वीस मिनिटे रडावे लागते. दहापैकी एकदा मिळणारे चॉकलेट रोज मिळणाऱ्या चॉकलेटपेक्षा हट्टाला अधिक चिवट करते. म्हणून नियम दोन-तीनच ठेवावेत आणि घरातल्या सर्वांनी ते सारखेच पाळावेत. आजी-आजोबांशी हे बोलणे मूल झोपल्यावर, आदराने करावे: ‘आई, तो रडला की तुम्हाला पाहवत नाही, हे मला कळतं. शांत झाला की पहिल्यांदा तुम्हीच त्याला जवळ घ्या.’ अशाने त्यांच्या मायेला जागा मिळते आणि नियमही टिकतो.

मारणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे, ‘पोलीसकाका धरून नेतील’ अशी भीती घालणे पूर्णपणे बंद करावे. चापट खाल्लेले मूल त्या वेळी गप्प होते, परंतु राग आला की हात उचलायचा हेच ते त्यातून शिकते. त्याऐवजी परिणाम कृतीशी जोडलेला आणि थोडक्यात आटपणारा असावा: ठोकळे फेकले तर ठोकळे दहा मिनिटे कपाटात, पाणी सांडले तर फडके घेऊन दोघांनी मिळून पुसणे.

मोबाइल दाखवून भरवण्याची सवय मोडताना पहिले काही दिवस जेवण कमी जाईल, ते जाऊ द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेली मोबाइल-टीव्हीच्या पडद्याची मर्यादा दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये.

काही खुणा दिसल्यास घरगुती उपायांवर थांबू नये. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, हाकेला ओ देत नसेल, येत असलेले शब्द विसरत असेल, स्वतःचे डोके आपटून इजा करून घेत असेल, रडता रडता श्वास रोखून निळे पडत असेल, किंवा वागणे एकाएकी बदलले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. कानाचे दुखणे, बहिरेपणा आणि रक्तातील लोहाची कमतरता यांमुळेही मूल चिडचिडे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत 2013 पासून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी करण्याची तरतूद आहे, त्यामुळे पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि अशा एखाद्या प्रसंगाचे मिनिटभराचे चित्रीकरण बरोबर न्यावे, कारण दवाखान्यात मूल पुष्कळदा अगदी शांत बसते.