सँडवुड बेला जाताना
स्कॉटलंडच्या वायव्य टोकाजवळील सँडवुड बे या समुद्रकिनाऱ्यापर्यंत मोटाररस्ता नाही. ब्लेअरमोरला गाडी ठेवून सुमारे साडेसहा किलोमीटर ओसाड माळरानातून चालावे लागते आणि तेवढेच अंतर परत यायचे असते, त्यामुळे निदान अर्धा दिवस हाताशी ठेवूनच निघावे. किनाऱ्यावर टपरी, स्वच्छतागृह, जीवरक्षक यांपैकी काहीही नसल्याने पाणी, खाण्याचे डबे आणि कचऱ्यासाठी पिशवी सोबत असावी. ऐन जूनमध्येही वारा बोचरा असू शकतो व त्यात छत्री हमखास उलटी होते, तेव्हा टोपीचे पावसाळी जाकीटच बरे. वाळूच्या टेकड्यांवरील गवत तुडवू नये, कारण ती वाळू त्याच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते.