अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींवरील ऋतूचा परिणाम कसा तपासावा

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. जगभरात साधारणपणे दहांतील एक बाळ असे असते. त्यांची संख्या महिन्यागणिक कमीजास्त होते, पण हा फरक ऋतूचा की हिशेबाचा, हे प्रसूतीची नोंदवही नीट वाचल्याखेरीज सांगता येत नाही.

सर्वप्रथम प्रत्येक नोंदीतील दिवस तपासावेत. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी उपलब्ध असल्यास तिच्या आधारे, अन्यथा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजावेत. केवळ २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन पाहून बाळ अपुऱ्या दिवसांचे ठरवू नये, कारण दिवस भरूनही वाढ खुंटलेली बाळे त्यात मिसळतात.

खरी चूक होते ती छेदात, म्हणजे दर काढताना ज्या एकूण संख्येने भागायचे त्या संख्येत. समजा, दरमहा ८०० गर्भधारणा होतात, एका महिन्यात मात्र १००० झाल्या, आणि प्रत्येक गटातील नेमक्या १० टक्के स्त्रिया महिनाभर आधी प्रसूत होतात. मोठ्या गटातील १०० अपुऱ्या दिवसांची बाळे ज्या महिन्यात जन्मतात, त्याच महिन्यात आधीच्या गटातील दिवस भरलेली ७२० बाळे जन्मतात आणि दर १२.२ टक्के दिसतो. पुढच्या महिन्यात ८० आणि ९०० अशी विभागणी होऊन तोच दर ८.२ टक्क्यांवर येतो. धोका तसूभरही बदललेला नसताना आलेख मात्र ऋतूची साक्ष देऊ लागतो! म्हणून जन्माच्या महिन्याऐवजी गर्भधारणेच्या महिन्यानुसार गट करावेत, किंवा त्या त्या आठवड्यात अद्याप प्रसूत न झालेल्या गर्भवतींची संख्या छेदात घ्यावी. ही दुसरी पद्धत किचकट असली तरी उष्णतेसारख्या तात्कालिक कारणासाठी तीच उपयोगी पडते. मात्र २८व्या आणि ३६व्या आठवड्यातील धोका सारखा नसल्याने आठवड्यांचे गट वेगळे ठेवावेत.

त्यानंतरच कारणांकडे वळावे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले; अशा तपासणीत महिन्याच्या सरासरीऐवजी प्रसूतीपूर्वीच्या काही दिवसांचे तापमान घ्यावे. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशाच्या ग्रामीण भागात जुलै आणि ऑक्टोबर असे दोन चढ दिसले, पैकी पहिला शेतीच्या कष्टांच्या काळाशी आणि दुसरा मलेरियाच्या हंगामाशी जुळत होता. एकाच वर्षाच्या आकड्यांवरून असे अनुमान काढू नये. सलग काही वर्षांची नोंद हवी.

निरनिराळ्या ऋतूंत गर्भवती होणाऱ्या स्त्रियांचे वय आणि आर्थिक स्थितीही वेगळी असू शकते. २०१३च्या एका अमेरिकी अभ्यासाने म्हणूनच एकाच आईच्या मुलांची परस्परांशी तुलना केली; तरीही मे महिन्यातील गर्भधारणांमध्ये मुदतपूर्व प्रसूती अधिक आढळल्या, कारण त्यांचे शेवटचे आठवडे फ्लूच्या साथीत सापडत होते. जुळ्यांच्या आणि डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने लवकर केलेल्या प्रसूती वेगळ्या रकान्यात मांडाव्यात.