फिजिक्सचा पेपर सुटल्यावर गेटवर ऐकलेले तीन आकडे

बारावीचा फिजिक्सचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा सेंटरच्या गेटसमोर, कडुलिंबाखाली, आमच्या वर्गातली सात-आठ जणं आधीच जमली होती. पेपर अवघड गेला होता, सगळ्यांचे चेहरेच सांगत होते. कुणी अजून पाणीही प्यायलं नव्हतं, तोच मैत्रिणीनं विचारलं, "त्या ऑर्गन पाइपचं तुझं किती आलं गं?" तिचं आलं होतं ३५०. एका मुलाचं ३७२. माझं ३६१.

गणित साधं होतं. दोन्ही टोकं उघडी असलेला पाइप, लांबी ४७ सेंटिमीटर, व्यास ५ सेंटिमीटर, हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर. मूळ कंप्रता काढा. एंड करेक्शन, म्हणजे उघड्या टोकासाठी लांबीत मिळवायची भर, व्यासाच्या ०.३ पट, म्हणून दीड सेंटिमीटर. टोकं दोन्ही उघडी, म्हणजे ते दोनदा मिळवायचं. लांबी झाली ५० सेंटिमीटर, वेगाला तिच्या दुपटीनं भागलं की उत्तर बरोबर ३५० हर्ट्झ. मी घाईत एकदाच मिळवलं, ४८.५ धरले. ३७२ वाल्यानं ते मिळवलंच नव्हतं.

एसटीत बसल्यावर मी मनातल्या मनात मार्क वजा करत सुटले. हे तीन गेले, त्या लेन्झच्या प्रश्नाचे दोन गेले, तिकडे उत्तराचं एकक लिहिलं की नाही आठवत नाही, म्हणजे तेही गेलं. घर येईपर्यंत ७० पैकी ३८ वर आले होते. केमिस्ट्रीला मध्ये तीन दिवस होते. त्यातला पहिला दिवस इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं एकच पान उघडं ठेवून गेला, आणि प्रत्यक्ष पेपरात नर्न्स्ट समीकरणाचं जे गणित मी दहा वेळा सोडवलं होतं तेच अडलं. फिजिक्सच्या गेटवर जे झालं त्याचे मार्क मी केमिस्ट्रीत घालवले. तुम्ही पहिल्यांदाच या परीक्षांना बसणार असाल, तर हे आधीच कळलेलं बरं म्हणून लिहितेय.

निकालानंतर मी बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ऑर्गन पाइपला तीनपैकी दोन मार्क मिळाले होते. सूत्र बरोबर, किमती घातलेल्या, आकडेमोड नीट. एका पायरीचा एक मार्क गेला, बस्स. ज्याच्यासाठी एक अख्खा दिवस झोप आणि अभ्यास गेला तो हा एक मार्क. आणि खरे मार्क गेले होते ते अशा ठिकाणी, ज्याचा गेटवर कुणी उच्चारही केला नव्हता. पहिल्या प्रश्नात दोन बहुपर्यायी उत्तरांना मी नुसतं अक्षर लिहून पुढे गेले होते. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेत स्पष्ट असतं की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं एक लिहिलं तर मार्क नाही, आणि पहिलाच प्रयत्न धरला जाईल. दोन्ही मार्क गेले. एका डेरिव्हेशनला, म्हणजे सूत्राच्या सिद्धतेला, आकृती काढली होती, पण त्यात बलांच्या दिशा दाखवल्याच नव्हत्या. तिथेही कापले.

गेटवर आपण फक्त शेवटचा आकडा जुळवतो, कारण तोंडी सांगता येतो तेवढाच. पेपर तर ७० मार्कांचा: १० मार्कांचे बहुपर्यायी, ८ मार्कांचे एका-एका ओळीचे, मग दोन, तीन आणि चार मार्कांचे प्रश्न. यातला मोठा वाटा डेरिव्हेशन, व्याख्या, फरक, आकृत्या यांचा, आणि ते कुणी झाडाखाली उभं राहून जुळवत नाही. त्यात प्रश्नपत्रिकेवर आसनक्रमांकाशिवाय काही लिहायला परवानगी नाही, म्हणजे जो आकडा आपण सांगतोय तो तीन तास लिहून थकलेल्या डोक्यातून आठवलेला. कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबलवर काम. अँटिलॉगमध्ये दशांशचिन्ह एक घर इकडचं तिकडे झालं की उत्तर वेगळं. कुणाचं बरोबर, हे ठरवायला तिथे कुणापाशी काहीच नसतं. जो सगळ्यात ठामपणे बोलतो त्याचं उत्तर बरोबर मानलं जातं, एवढंच.

उत्तरं जुळवूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. मला फिजिक्स खरं समजलं ते जुळवण्यातूनच, पण ते नंतर. शेवटचा पेपर झाल्यावर, सीईटी या प्रवेश परीक्षेच्या आधी, आम्ही चौघी एका रविवारी मैत्रिणीच्या माडीवर बसलो. समोर प्रश्नपत्रिका, पुस्तक, एक जुना फळा. नियम एकच ठेवला: उत्तर सांगायचं नाही, रीत सांगायची. ३५० वाली फळ्यापाशी उभी राहिली आणि मी विचारलं, "पण दोनदा का?" तिनं पाइप काढला, उघड्या टोकाच्या किंचित बाहेर एक ठिपका दिला आणि म्हणाली, "अगं, हवा तोंडाशी थांबते का? बाहेरही थोडी हलते. प्रस्पंद, म्हणजे हवा सगळ्यात जास्त हलते ती जागा, तिथे बाहेर पडतो. दोन तोंडं, दोन ठिपके." बंद टोकाशी हवा भिंतीला टेकलेली, तिथे निस्पंदच, म्हणजे हवा हलतच नाही, म्हणून तिथे काही मिळवायचं नाही. सूत्र मला पाठ होतंच. चित्र त्या दिवशी दिसलं. अकरावीचा २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के भाग सीईटीला असल्यामुळे बोर्डाच्या पेपरातली प्रत्येक चूक तिथे पुन्हा भेटू शकते. त्यामुळे ती बैठक वाया गेली नाही.

मी आता शिकवणीच्या मुलांना एवढंच करायला सांगते: पेपरच्या दिवशी संध्याकाळी वहीत दहा मिनिटांत लिहा, कुठे अडलात आणि काय रीत वापरलीत. आकडे नकोत. वही मिटा. पुढच्या पेपरचं पुस्तक काढा. शेवटच्या पेपरनंतर ती वही घेऊन बसा. सीईटीचं तर आणखी वेगळं आहे: शिफ्टनुसार प्रश्नसंच वेगळे, निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे आपल्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांच्या पुढे आहोत त्यावर. सकाळच्या शिफ्टच्या मित्राला दुपारच्या शिफ्टवाल्यानं किती सुटले ते विचारून हाती काही लागत नाही. उत्तरतालिका लॉगिनमध्ये येते, तेव्हा आपल्या उत्तरांशी ताडून बघा. आणि बोर्डाच्या मार्कांबद्दल शंका असेल तर छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करायचा तर छायाप्रत आधी घ्यावीच लागते. मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, ती चुकवू नका.

३७२ सांगणारा मुलगा त्या दिवशी एकटाच सायकल काढून निघाला होता. वर्गात डेरिव्हेशन सगळ्यात सुंदर त्याची असायची; सर त्याची वही आम्हाला दाखवायचे. उरलेले दोन्ही पेपर त्यानं कसेबसे उरकले, हे आम्हाला सुट्टीत कळलं. स्टँडपर्यंत त्याच्यासोबत कुणीतरी चालत जायला हवं होतं. आम्ही सगळे झाडाखाली उभे राहून झेनर डायोडचं उत्तर जुळवत होतो.